मल्हारीने टाकलेलं 'साडे'

मल्हारी बोराड्यासारखा कोन नाशिकच्या सातपुरात कुणी लावत नव्हता. आमच्या कारखान्यात मी लेथवर, तो मिलिंगवर. लोखंडाला तिरका उतार द्यायचा असला की काम त्याच्याकडेच जायचं. प्रोट्रॅक्टरला, म्हणजे कोनमापकाला, डोळा लावून आधी अंश बसवायचा, मग मिनिटं. अंशाची मिनिटं साठ, तासासारखीच. म्हणून बारा अंश तीस मिनिटांना आम्ही सगळेच सरळ 'साडेबारा' म्हणायचो.

अठ्ठ्याण्णव साली परदेशी गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं, कॉम्प्युटरवर काढलेलं. त्यावर कोन होता १२.३०. मल्हारीने वाचलं साडेबारा आणि अख्खा लॉट कापला. पण तो होता दशांश. अंशाचे शंभर भाग, त्यातले तीस. म्हणजे मिनिटं अठराच. सगळा माल भंगारात गेला. ड्रॉइंग हातात देणाऱ्या साहेबाची तेव्हा जीभ झडली होती का? पण चोर सोडून संन्याशाला फाशी, ही जुनीच रीत. मल्हारीला स्टोअरमध्ये बसवलं, हातमोजे आणि तेलाचे डबे वाटायला.

"घेतील रे परत मशीनवर," तो म्हणाला. "तवर जिभेची खोड मोडतो."

आणि त्याने 'साडे' हा शब्दच टाकला. घड्याळात बारा वाजून तीस मिनिटं. बाजारात तीन किलो पाचशे ग्रॅम कांदे. वणीच्या गडावर गेलो तेव्हा पुजारी साडेतीन पीठांचं माहात्म्य सांगत होते, सगळे मागून म्हणत होते, हा गप्प. त्याची बायको चांगुणावहिनी वैतागल्या, "अहो, देवीपुढं तरी धड बोला. अर्धं पीठ आपलंच हाय ना?" आम्ही चिडवायचो, मल्ह्याला साडेसाती लागली तरी ह्याला ती सांगता यायची नाही! तो हसायचा.

डबा खाताना मला आकडे विचारायला लावायचा.

"पंचवीस पॉइंट चाळीस," मी म्हणायचो.

"चाळीसला साठनं गुणायचं, शंभरानं भागायचं. पंचवीस अंश चोवीस मिनिटं."

कधी चुकला नाही. पण नवीन कॉम्प्युटरच्या मशीनवर दशांश तसाच टाइप करतात, मिनिटं करून द्यायला आता माणूस लागत नाही, हे मला दिसत होतं. सांगायचा धीर झाला नाही.

दोन हजार चार साली त्याचं मिलिंग मशीन विकलं. क्रेन लावून ते उचलायच्या आधी मल्हारी स्टोअरमधून आला, खिशातलं फडकं काढलं आणि कोन लावण्याआधी पुसायचा तसं मशीनचं टेबल नीट पुसलं. कुणी त्याला अडवलं नाही. मशीन ट्रकवर चढलं, ट्रक गेटबाहेर वळला. तो तिथेच उभा होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "जेवायची वेळ झाली का रे?"

त्याने घड्याळ पाहिलं.

"झाली की," तो म्हणाला. "साडेबारा वाजले."

मला तिथेच रडू कोसळलं.