मिस्तरीची अर्धी डिस्क

तुमच्यानंतर वीस वर्षांनी आलेल्या पोरीला दरवाजाची केबिन मिळाली आणि तुमच्या वाट्याला जिन्याखालचं स्टूलच राहिलं, तर तुम्ही हसतमुखाने काम कराल?

एक्स-रे सेंटरमधल्या मिस्तरीला नाही जमलं. नववीत शाळा सुटली; पुढचं सगळं तो बंद पडलेली यंत्रं उघडून शिकला. सेंटरचा एकेक कॉम्प्युटर त्याच्या हाताखालून गेलेला. आणि आता डॉक्टरांनी कॉम्प्युटर सांभाळायला डिग्रीवाली मॅडम आणली. तिचा चहा कपबशीतून जायचा, याचा कागदी कपातून. हे त्याने पहिल्याच दिवशी टिपलं होतं.

ती रुजू व्हायच्या आदल्या दिवशी त्याने एक्स-रे साठवायच्या कॉम्प्युटरमधली जुनी डिस्क काढून दुप्पट मोठी बसवली. तिचं बोट लागायच्या आत उरकायचं होतं. जुनीवरचं सगळं नवीवर उतरवलं, पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेली जागा, डिस्कभर वाढवलं, झाकण लावलं आणि तो घरी गेला.

तिसऱ्या आठवड्यात स्क्रीनवर आलं, जागा संपली. डॉक्टर केबिनच्या दारात उभे.

"मॅडम, नवी डिस्क इतक्यात भरते कशी? जुने एक्स-रे पुसून टाका. दुपारी रांग लागेल."

मिस्तरीला स्टुलावर बसल्या बसल्या उमगलं. प्लॉट वाढवून घेतला होता, कुंपण मात्र जुन्याच जागी. पार्टिशन पूर्ण, पण आतली फायलींची मांडणी अर्ध्यावरच थांबलेली, आणि कॉम्प्युटर बिचारा कुंपणापर्यंतच मोजत होता. शेवटची एक कमांड द्यायची तोच विसरला होता. चूक त्याची, बोलणी तिला. तो मान खाली घालून स्क्रू पुसत राहिला. पडू दे तोंडावर. मग बघू, केबिनमध्ये कोण बसतं.

मॅडम वही घेऊन बाहेर आली. "काका, स्क्रीनवरची एक खिडकी हजार जीबी सांगते, दुसरी पाचशे. खोटं कोण बोलतंय?"

"डिग्रीत शिकवलं नाही?"

"शिकवलं असतं तर जिन्याखाली वाकून आले असते का? मला वाटतं, एका कमांडने सुटेल. पण यात एका बाईंचे सात वर्षांचे छातीचे एक्स-रे आहेत, त्या दुपारी येतायत. डिस्क तुम्ही बसवलीत. करू?"

वीस वर्षांत त्याला 'करू?' असं कुणी विचारलं नव्हतं. तेही झोंबलंच, कारण तिचा अंदाज बरोबर होता.

"थांब," तो म्हणाला. "आधी सगळ्याची वेगळ्या डिस्कवर कॉपी काढ. माझ्या खणातल्या जुन्या डिस्कमध्ये या तीन आठवड्यांचं काही नाही." मग हातातला स्क्रू खाली ठेवत, "शेवटची पायरी मीच गाळली. तू यायच्या आत उरकायचं होतं."

तिने वही मिटली. "मग कमांड तुम्हीच द्या. माझं बोट कशाला."

कॉपी झाली. त्याने एक ओळ टाइप केली. दोन्ही खिडक्या हजार म्हणाल्या. एकही एक्स-रे गेला नाही.

"शाबास, मॅडम," डॉक्टर जाता जाता म्हणाले.

"काकांनी केलं," ती म्हणाली, पण डॉक्टर रांगेकडे वळले होते.

मिस्तरी पुन्हा स्टुलावर. पोटातलं दुखणं गेलं नव्हतं. उलट वाढलं होतं. पोरगी खरोखरच हुशार निघाली होती.

तुमच्या कॉम्प्युटरवर उद्या जागा संपलेली दिसली, तर काही पुसायच्या आधी डिस्क कुणी बसवली ते शोधा. आणि विचारताना त्याला बसायला खुर्ची द्या.