पंखाची उलटी बाजू

मी परी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाद नको. जादूची कांडी वगैरे आमच्याकडे काही नसतं. असतात ते नियम, आणि ते पाळायला लावणाऱ्या म्हाताऱ्या. पण मला सांगायचंय ते एका रफू करणाऱ्या बाईबद्दल, जिच्याकडे रस्त्यात कोणी वळूनही बघत नाही. बघायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिला लहानपणापासून सगळे बारकी म्हणतात. अंगानं बारीक, आणि नजर त्याहून. लॉन्ड्रीच्या वर, जिन्याला लागून तिची खोली आहे. खोली कसली, कपाटच म्हणा. एक खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर कापड ताणायचं लाकडी कडं, सुयांची डबी, आणि खाली फाटलेल्या कोटांचा ढीग. रफूचं काम दिवसाउजेडीच होतं, म्हणून खिडकीची जागा मानाची. मी सांगतेय त्या काळी तिथे तिची आत्या बसायची. आत्यानंच बारकीला वाढवलं आणि हातात सुई दिली. बाई नाकावर माशी बसू द्यायची नाही. काम चांगलं झालं तर गप्प, आणि बिघडलं तर अख्ख्या जिन्याला कळायचं.

आत्याचे दोन नियम होते. धागा बाहेरून आणायचा नाही, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढायचा. आणि कपड्याची उलटी बाजू गिऱ्हाइकाला कधीही दाखवायची नाही. सुलट बाजूला चांगली रफू शोधून सापडत नाही, पण मागे धाग्यांची टोकं जराशी मोकळी सोडावी लागतात, नाहीतर कपडा धुतल्यावर आकसतो आणि रफू ताणली जाते. तो पसारा आपला आपल्यापाशी. पुढची बाजू गिऱ्हाइकाची, मागची आपली, असं आत्या म्हणायची, आणि बारकीनं ते कधी मोडलं नव्हतं.

ती सोळा वर्षांची असताना मी तिच्या आयुष्यात आले, म्हणजे खरं तर पडले. आमच्या राज्याचं दार लॉन्ड्रीच्या गच्चीवर आहे, वाळत घातलेल्या दोन चादरींच्या मधे. तुम्ही तिथून शंभर वेळा गेलात तरी तुम्हाला चादरीच दिसतील. मी तळहाताएवढी, वयानं तिच्याच बरोबरीची, आणि अक्कल म्हणाल तर दोघींची मिळून एकीलाही पुरली नसती. उगाच मजा बघायला बाहेर आले, तारेत अडकले, आणि उजवा पंख खांद्यापासून कडेपर्यंत फाटला. गिरक्या खात खिडकीतून आत आले ती थेट कोटांच्या ढिगावर. बारकीनं मला उचललं, डोळ्यांजवळ धरलं, आणि पहिला प्रश्न काय विचारला, तर माझ्या पंखाला शिवण कुठे आहे.

मी तिला माझी पंचाईत सांगितली. बाहेर आलेल्या परीला चाळीस दिवस असतात. त्यानंतर तिला दार दिसेनासं होतं, मग घर आठवेनासं होतं, आणि शेवटी आपण कोण हेच ती विसरते. शिवाय फाटक्या पंखाच्या परीला आत घेत नाहीत, हाही एक नियम. बारकीनं पंखाची वीण बराच वेळ निरखली आणि होईल म्हणाली.

दुपारी आत्याचा डोळा लागला की खिडकीची जागा आमची. खांद्यापाशी पंख दुमडलेला असतो. त्या घडीतून बारकी एकेक धागा ओढून काढायची, आणि मी तिच्या अंगठ्याला कडकडून चावायचे. तिच्याकडे त्यावर तयार उत्तर असायचं, की मागच्या आठवड्यात आलेला कोट तुझ्यापेक्षा शहाणा होता. एका दिवसात नखाएवढंही अंतर सरकायचं नाही. मी तिला आमच्याकडच्या चहाड्या सांगायचे, ती मला कोणाच्या खिशात काय सापडलं ते सांगायची. डब्यातल्या साखरेवरून आम्ही भांडायचो, दोन दोन तास अबोला धरायचो, आणि तो कोणी मोडला यावरून पुन्हा भांडायचो. आमच्या राज्यात मला मैत्रिणी नव्हत्या असं नाही. पण माझं तोंड सहन करून वर मलाच चार शब्द सुनावणारी ही पहिलीच, आणि माझा तिच्यावर जीव जडला.

आता एक गोष्ट, जी मी तिला सांगितलीच नव्हती. आमच्या प्रत्येकीच्या उजव्या पंखाला जन्मापासून एक भोक असतं, मोहरीएवढं. प्रत्येकीचं वेगळ्या आकाराचं. दारावरची म्हातारी पंख उन्हात धरते, भोकातून उजेडाचा ठिपका तिच्या तळहातावर पडतो, आणि त्या ठिपक्यावरून ती आम्हाला ओळखते. चेहरे वगैरे तिच्या लक्षात राहत नाहीत. मला वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे?

अडतिसाव्या दिवशी फाटलेलं सगळं सांधलं गेलं. मी दमून झोपले. बारकी शेवटचा हात फिरवत होती, आणि तिला कडेला ते भोक दिसलं. भोक दिसलं आणि रफूवाली गप्प बसली, असं होत नसतं. तिनं तेही बुजवलं, अगदी जीव ओतून, मैत्रिणीला भेट म्हणून.

एकोणचाळिसाव्या दिवशी मी डौलात उडत दाराशी गेले. म्हातारीनं पंख उन्हात धरला. तळहात कोराच राहिला. ती म्हणाली, मी तुला ओळखत नाही, आणि चादरी मिटल्या.

मी परत येऊन बारकीला भोकाचं सगळं सांगितलं आणि नको नको ते बोलले. तू माझं घर बुजवलंस, असंही बोलले, आणि त्याची मला आजही लाज वाटते. उसवून भोक परत करता येईल का, मी विचारलं. ती नाही म्हणाली. रफू उसवली की आजूबाजूची वीणही सुटते, आधीचा आकार काही येत नाही. आणि बनावट भोक घेऊन जाणारीला आमच्याकडे दार कायमचं बंद. त्या दुपारी तिनं कामाला हात लावला नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, की उद्या तीही येणार.

चाळिसाव्या दिवशी भर दुपारी बारकी मला ओंजळीत घेऊन गच्चीवर उभी राहिली. चादरी बाजूला झाल्या. माणसाशी बोलायचं नाही हा नियम असल्यामुळे म्हातारी तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिली.

"आजी," बारकी म्हणाली, "पंख उलटा करून बघा."

म्हातारीला आजवर कोणी आजी म्हटलं नव्हतं. तिनं चपापून माझा पंख उलटा केला आणि त्यावर बोट फिरवलं. मागे धाग्यांची मोकळी टोकं होती, भोकाच्या काठानं एकाशेजारी एक, आणि त्यांच्या आत राहिलेला आकार माझ्या भोकाचाच होता. थेंबाला बारीक शेपूट फुटावी तसा. म्हातारीचं बोट त्यावरून तीनदा गेलं. मग नियम मोडून ती माणसाशी बोलली.

"हे तू मला फसवायला मुद्दाम मांडलं नसशील कशावरून?"

"उलटी बाजू कोणी मांडत नाही, आजी. ती कोणाला दाखवायचीच नसते. मी आज पहिल्यांदा दाखवतेय."

म्हातारीचं बोट एका जागी थांबलं. "इथे धागा वाकडा गेलाय."

"हो," बारकी म्हणाली. "तेव्हा ही झोपेत घर घर म्हणून रडत होती. माझा हात हलला."

हे मला माहीत नव्हतं. मी तिच्या ओंजळीत बसून हमसाहमशी रडले. म्हातारीनं माझ्याकडे बघितलं, पंखाकडे बघितलं, आणि दारातून बाजूला झाली. मी चादरींच्या मधून अशी सुसाट आत गेले की पलीकडच्या रांगेतल्या चार जणी आडव्या झाल्या, आणि मागे गच्चीवर बारकी दोन्ही हात वर करून नाचत होती. एवढ्या उंच उड्या मारून नाचताना मी तिला त्यानंतर कधी पाहिलेलं नाही.

त्याला तेवीस वर्षं झाली. आत्या आता घरी आराम करते आणि तिथून सूचना पाठवते. खिडकीची जागा बारकीची आहे, नाकावर चष्मा आहे. लोक कोट घेऊन येतात, फाटलं होतं कुठे ते शोधतात, सापडत नाही म्हणून खूश होतात आणि तिचं तोंडही न बघता जातात. मी वरचेवर जाते, चाळीस दिवसांच्या आत परतते. साखरेवरून अजून भांडणं होतात.

परतताना रांगेतल्या प्रत्येकीचा पंख म्हातारी उन्हात धरते. माझी पाळी आली की म्हातारी न सांगता माझा पंख उलटा करते आणि त्या वाकड्या धाग्यावर बोट ठेवते. नव्या मुली कुजबुजतात, हिला भोक कसं नाही? मग मी मान ताठ करून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगते, की तुम्हाला जन्माच्या खुणेवरून आत घेतात, मला माझ्या मैत्रिणीच्या हातावरून घेतात.