तापातून उठलेली नायिका

कंपनीच्या बसमध्ये मोशीचा एक फिटर ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचा. मांडीवरच्या डब्यावर बोटं वाजवत तो आम्हाला पिक्चरची गोष्ट सांगायचा. शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका विलायती कादंबरीवरचा पिक्चर त्यानं पुण्यात मॅटिनीला पाहिला होता, आणि ती गोष्ट त्याला आठवडाभर पुरली. "लंडन म्हंजी कसं, आळंदीच, पर धुकं जास्ती," असं तो सांगे, आणि गेट आलं की नायिकेला तिथंच सोडून कार्ड पंच करायला पळे.

एका सकाळी नायिका तापानं फणफणली. त्याच्या शेजारी बसणाऱ्या वेल्डरची बायको तेव्हा टायफॉइडनं दवाखान्यात होती. फिटरनं वेल्डरकडं एकदा पाहिलं, बोटं थांबवली आणि म्हणाला, "उतरला ताप. सकाळी उठून भाकरी मागितली तिनं."

मी तो पिक्चर पाहिला होता. त्यात ती त्याच तापात जाते. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

वेल्डरची बायको बरी होऊन घरी आली. पुढं त्याच कादंबरीवर पुन्हा एकदा, आता हिंदीत, पिक्चर निघाला आणि चिंचवडला लागला, तेव्हा अख्खी बस बायकामुलांसकट गेली. नायिका मेली. बाहेर येताना वेल्डर भडकलाच होता. "काय राव, चांगल्या गोष्टीची पार वाट लावली यांनी."

त्याची बायको पदरानं डोळे पुसत होती. फिटरनं तिच्याकडं पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला, "नवीन लोकं हायत. पुस्तक न वाचताच पिक्चर काढत्यात."