सहा पॉइंट तीन आणि सर्व्हरचा प्रोसेसर

मला कॉम्प्युटरमधलं फार कळतं असा आमच्या घरात एक समज आहे. तो मीच पसरवलाय. प्रिंटर अडला की मी, वायफाय गेलं की मी, भावाच्या फोनमध्ये जागा उरली नाही की मी. त्यामुळे मुलुंड पूर्वेला वहिनीच्या पॅथॉलॉजी लॅबसाठी नवा कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यात सर्व्हरचा प्रोसेसर घालायचा की साधा डेस्कटॉपचा, हे ठरवायचं काम माझ्याकडेच आलं. एरवी मी त्यावर आठ दिवस मिरवले असते. या वेळी नुसता विषय निघाला तरी नको वाटायचं, आणि का ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

लॅब म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे. वहिनी डॉक्टर, आणि नोकरी सोडल्यापासून पुढच्या टेबलावर मी. सकाळी एक सिस्टर येतात, रक्त घेतात, नमुने यंत्रांना लावतात आणि अकराला दुसऱ्या लॅबला जातात. बहुतेक यंत्रं कॉम्प्युटरला जोडलेली आहेत, त्यांचे आकडे आपोआप रिपोर्टात येऊन बसतात. सोडियम-पोटॅशियमचं यंत्र तेवढं जुनं. ते एक चिठ्ठी बाहेर टाकतं. सिस्टर ती वहीत चिकटवतात, मी तिच्यावरचे आकडे टाइप करते आणि वहिनी चिठ्ठी व पडदा ताडून पाहून सही करते. मला माझ्या टाइपिंगचा भारी गर्व होता. कीबोर्डकडे न बघता, फोनवर बोलत बोलत मी आकडे भरायचे आणि समोर बसलेले पेशंट कौतुकाने बघतायत ना, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहायचे.

समोरच्या इमारतीतले एक काका दर महिन्याला यायचे. मूळचे मालवणकडचे, आधी गिरणीत, मग विक्रोळीच्या एका कारखान्यात, आणि निवृत्त झाल्यावर किडनीचं दुखणं. एका गुरुवारी ते रक्त देऊन गेले. संध्याकाळी काकू रिपोर्ट घेऊन गेल्या. त्यात पोटॅशियम तीन पॉइंट सहा होतं, म्हणजे काळजीचं काही नव्हतं. रविवारी काका न्हाणीघरातून बाहेर येता येता खाली बसले ते उठेनात. सोमवारी सकाळी काकूंचा लॅबमध्ये फोन आला, "ह्यांका आयसीयूत ठेवलेत गो. पोटॅशियम खूप वाढला म्हणतत."

वहिनीने फोन ठेवला आणि वही उघडली. गुरुवारच्या पानावर काकांची चिठ्ठी होती. तिच्यावर सहा पॉइंट तीन छापलेलं होतं.

पोटॅशियम सहाच्या वर गेलं की लॅबने पेशंटच्या डॉक्टरला तिथल्या तिथे फोन करायचा असतो, कारण हृदय थांबू शकतं. हे मलासुद्धा माहीत होतं. काका सहा पॉइंट तीन घेऊन तीन दिवस घरात हिंडले होते आणि आम्ही त्यांना लेखी कळवलं होतं की सगळं ठीक आहे.

"हे काय गं?" वहिनी म्हणाली.

मी एका श्वासात म्हणाले, "कॉम्प्युटर! गेल्या आठवड्यापासून वेड्यासारखा करतोय तो. दोनदा हँग झाला. त्यानेच काहीतरी उलटंपालटं केलं असणार."

कॉम्प्युटर दोनदा हँग झाला होता, हे खरं होतं. वहिनीने वही मिटली. मग म्हणाली, "बदलून टाकू. चांगलातला चांगला घे." माझा जीव भांड्यात पडला. पण तो फार वेळ तिथे राहिला नाही.

कारण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आकड्याचा इतिहास, म्हणजे लॉग, असतो. कोणी, किती वाजता, काय भरलं आणि नंतर ते बदललं का, सगळं दिसतं. दोन क्लिकचं काम. पहिल्यांदा सहा पॉइंट तीन भरलेलं दिसलं असतं, तर दोष यंत्राचा. पहिल्यांदाच तीन पॉइंट सहा दिसलं, तर दोष माझ्या बोटांचा. मी ते दोन क्लिक केले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. पडद्यावरच्या त्या खिडकीच्या जवळूनसुद्धा मी माउस जाऊ द्यायचे नाही.

त्याऐवजी मी अभ्यास सुरू केला. सर्व्हरच्या प्रोसेसरवर इतकं वाचलं की परीक्षा असती तर पहिली आले असते. सर्व्हरच्या प्रोसेसरबरोबर एक खास मेमरी चालते, ईसीसी म्हणतात तिला. मेमरीत कधीतरी एखाद्या शून्याचा आपोआप एक होतो, आणि ही मेमरी ती चूक पकडून दुरुस्त करते. बहुतेक साध्या कॉम्प्युटरांत ती नसते. शून्याचा एक होतो कशामुळे, तर अंतराळातून येणारा एखादा कण आदळल्यामुळेसुद्धा! हे वाचलं तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं, इतका आधार वाटला. आकाशातून काहीतरी आलं आणि काकांच्या सहाचे तीन करून गेलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, माझं अंगण तर थेट ताऱ्यांपर्यंत गेलं होतं.

जेवताना मी हे भावाला ऐकवलं, वहिनीला ऐकवलं. वहिनी भात कालवत नुसती "हं" म्हणाली.

काका वाचले. पाच दिवसांनी घरी आले. लॅबच्या दारातून त्यांची गॅलरी दिसते. ते कठडा धरून उभे राहायचे आणि मी पटकन खाली मान घालून नसलेले कागद शोधायची. चोराच्या मनात चांदणं. काकूंचं तर समोरून येणंही मला नको झालं. त्या भाजी घेऊन येताना दिसल्या की मी आत जाऊन फ्रिज आवरायची. कामातही भीती शिरली. एकेक आकडा मी चार वेळा वाचायची, सेव्ह केल्यावर पुन्हा उघडून बघायची. माझ्या हातून अजून किती जणांचं काय झालं असेल, हा विचार जेवतानाही सुटत नव्हता.

शेवटी एका सकाळी रिक्षाने घाटकोपरला गेले. आमचे कॉम्प्युटर जोडून देणारा एक दुकानदार तिथे आहे. पन्नाशीचा, बोलायला फटकळ.

"रोज पेशंट किती, ताई?" त्याने विचारलं.

"साठ-सत्तर."

"मग सर्व्हरचा प्रोसेसर कशाला पाहिजे? त्याच्यात कोअर, म्हणजे कामाचे हात, भरपूर, पण तुमचं सॉफ्टवेअर वापरणार दोन नाहीतर चार. बोर्ड वेगळा, मेमरी वेगळी, पंखा असा बोंबलणार की पेशंट घाबरतील. दोन माणसांच्या वरणभाताला लग्नातलं पातेलं कशाला काढता? साधा डेस्कटॉपचा प्रोसेसर घ्या, झकास पळेल. वर रोजचा बॅकअप लावा, विषय संपला."

"पण मला ईसीसी हवीच आहे. आमच्याकडे आकडा बदललाय," मी म्हणाले. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं की आता ते सहज येत होतं.

"कुठला आकडा?"

"सहा पॉइंट तीनचे तीन पॉइंट सहा झाले."

तो हसला. वाईट हेतूने नाही, सवयीने. "ताई, मेमरीत गडबड झाली ना, तर आकडा भलताच होतो. सहाचे दोन होतील, नाहीतर फाइलच उघडणार नाही. दोन आकडे आपापसात जागा बदलत नाहीत हो. ते माणसाच्या बोटांनी होतं. आमच्या बिलांमध्ये पण होतं."

मी त्याच्या काउंटरची काच धरून उभी होते. तो पुढे बोलतच होता. त्या जुन्या यंत्राच्या मागे जोडणी असणार, तिला केबल लावा, सॉफ्टवेअरवाल्याकडून जोडून घ्या, म्हणजे हाताने भरायलाच नको. सर्व्हर घेतलात तर यासाठी पैसे उरायचे नाहीत, साधा घेतलात तर दोन्ही होईल. "मशीन कितीही भारी घ्या, भरणाऱ्याने चुकीचं भरलं तर ते चुकीचंच जपून ठेवणार," तो म्हणाला.

आणि मी काय केलं? म्हणाले, "तुम्ही मला सर्व्हरचंच कोटेशन द्या."

रिक्षात बसल्यावर मला त्याचा भयंकर राग आला. विक्रोळीपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते. पुढे भांडायला काही उरलं नाही. केबल मागायची तर का मागतेस, हे सांगावं लागणार होतं. सर्व्हर घेतला तर कुणाला काही सांगायला नको. काकांसारखा दुसरा कुणी आला आणि माझी बोटं पुन्हा घसरली, तर तो महागडा प्रोसेसर त्याला वाचवणार नव्हता. तो फक्त मला वाचवणार होता. हे कळल्यावर मला जी भीती वाटली ती आधीच्या सगळ्या भीतींपेक्षा वेगळी होती. मला माझीच भीती वाटली.

लॅब दुपारी एक ते चार बंद असते. मी शटर अर्धं खाली ओढलं, खुर्चीत बसले आणि ते दोन क्लिक केले. गुरुवार, अकरा वाजून बावन्न मिनिटं. भरणाऱ्याच्या जागी माझं नाव. पहिला आकडा तीन पॉइंट सहा. पुढे बदल काहीही नाही.

वहिनी आतल्या गाळ्यात डबा खात होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. कसं सांगायचं याची तयारी केली होती, ती सगळी विसरले. "वहिनी, मी चुकले. तो आकडा मी भरला. कॉम्प्युटरने काही केलं नाही," असं म्हणून मी लहान मुलीसारखी रडायला लागले.

तिने चमचा खाली ठेवला. "माहीत आहे मला."

"म्हणजे?"

"त्याच सोमवारी बघितला मी लॉग. तू बँकेत गेली होतीस तेव्हा."

"मग बोलली का नाहीस? मला वाटेल तसं झापायचंस!"

"तुला झापलं असतं तर पुढचा प्रश्न काय होता?" तिचा आवाज कापत होता. इतक्या वर्षांत मी तो कापताना ऐकला नव्हता. "सही कोणाची आहे रिपोर्टवर? ताडून बघायचं काम कोणाचं? त्या दिवशी वही उघडलीच नाही मी. नुसत्या सह्या मारत गेले. तू कॉम्प्युटर म्हणालीस आणि मला बरं वाटलं गं. तुझ्या त्या आकाशातल्या कणावर मलाही विश्वास ठेवायचा होता."

मी तिच्यासमोर बसले. दोघींना सगळं कळलेलं होतं आणि दोघी रोज एकाच टेबलावर जेवत सर्व्हरबद्दल बोलत होतो. मग मी तिला केबलचं सांगितलं. तिने तिथूनच दुकानदाराला फोन लावला आणि साधा डेस्कटॉपचा प्रोसेसर सांगितला. फोन ठेवून म्हणाली, "चल."

"कुठे?"

"समोर. चार वाजायच्या आत जाऊन येऊ. आज नाही गेलो तर कधीच जाणार नाही आपण."

आम्ही समोरच्या इमारतीचा जिना चढलो. पोलिसात जातील का, लॅब बंद करायला लावतील का, सोसायटीत तोंड कसं दाखवायचं, सगळं एकदम डोक्यात. काकूंनी दार उघडलं. काका आत झोपले होते. काकूंनी बसायला सांगितलं, पाणी आणलं. त्या अर्ध्याने कमी झाल्यासारख्या दिसत होत्या. मी मान वर करून कधी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं इतक्या दिवसांत, म्हणून आता दिसलं.

वहिनीने सरळ सांगितलं. गुरुवारी काकांचं पोटॅशियम सहा पॉइंट तीन होतं. आम्ही तुम्हाला चुकीचा रिपोर्ट दिला. मी म्हणाले, "आकडा मी उलटा भरला, काकू." वहिनी म्हणाली, "आणि मी न बघता सही केली."

मी ओरडा ऐकायची तयारी ठेवली होती. हातातला पेला काकूंनी खाली ठेवला, मग हळूहळू स्वतःच खाली बसल्या, लादीवर.

"गुरुवारीच वाढललां?" त्यांनी विचारलं.

"हो, काकू."

"मगे माज्या शहाळ्यान नाय झाला?"

आम्हाला कळेना. त्यांनीच सांगितलं, तुटक तुटक. काकांना शहाळं फार आवडतं. डॉक्टरांनी बंद केलं होतं, त्यात पोटॅशियम असतं म्हणून. गुरुवारी आमचा रिपोर्ट चांगला आला म्हणून काकूंनी शुक्रवारपासून त्यांना रोज एक शहाळं आणून दिलं, स्वतःच्या हाताने सोलून. हॉस्पिटलातल्या डॉक्टरने विचारलं, शहाळं दिलंत का? त्या हो म्हणाल्या. तेव्हापासून मुलगा त्यांच्याशी नीट बोलत नव्हता, आणि त्या स्वतः घरात कुणाच्या नजरेला नजर देत नव्हत्या.

"मियाच मारूक निघालंय ह्यांका, असा वाटायचा गो," त्या म्हणाल्या. "देवाक हात जोडूकसुद्धा लाज वाटायची."

"काकू, रिपोर्ट बरोबर असता तर तुम्ही शहाळं दिलंच नसतंत," मी म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "तुका कधी कळला?"

वहिनीने खाली बघितलं. मी मनात दिवस मोजले. काकांना घरी येऊन बारा दिवस झाले होते, वहीतली ती चिठ्ठी बघून सतरा, आणि त्यातला प्रत्येक दिवस मी प्रोसेसर निवडत होते.