आत्मारामाचा बर्फ

आमचा पुतण्या आत्माराम रत्नागिरीच्या बंदरावर मासळी बर्फात भरतो. पाय लहानपणापासून वाकडे, उंची माझ्या खांद्याएवढी. कोणी चिडवलं तर म्हणायचा, "पाय वाकडे असतील, माझी पेटी बघ." खरंच, त्याने भरलेली सुरमई मुंबईत उतरेपर्यंत ताठ. मीठ मारलं की बर्फ आणखी गार होतो; किती मारायचं ते त्यालाच ठाऊक.

मुलगी झाली, दिशा. उभी राहायला लागली तशी तिचेही पाय वाकले. आत्मारामाची आई मथुरा, म्हणजे माझी जाऊ, सुनेवर घसरली. "पोटुशी असताना दूध घेतलंस नाय गो राजश्री, त्याची ही फळं." राजश्रीने सात वर्षं ऐकलं. आत्माराम गप्प. मी तरी कुठे बोलले?

मग मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोष बापाकडून आलाय. अशा बापाच्या प्रत्येक मुलीत तो उतरतो. हाडांना फॉस्फेट लागतं, पण अंगातला एक रस फाजील वाढून ते लघवीवाटे घालवतो. नव्या इंजेक्शनातली अँटीबॉडी त्या रसाला धरून ठेवते. दर पंधरा दिवसांनी मुंबईला जाऊन एक. परदेशातून येणारं, इस्पितळाने खटपट करून फुकट मिळवलेलं.

आठ महिन्यांत पोरगी न कण्हता देवळाच्या पायऱ्या चढली. शाळा बुडू नये म्हणून या खेपेला तीन महिन्यांच्या सहा कुप्या डॉक्टरांनी आत्मारामाजवळ दिल्या. "थंड ठेवा, पण गोठू देऊ नका."

परतताना चिपळूणला एसटी थांबली तेव्हा याने औषधाची पेटी उघडली. थंडाव्याच्या पिशव्या मऊ पडलेल्या. धावत जाऊन कोळणीकडून बर्फ आणला, वर दोन मुठी मीठ. घरी आला तो छाती काढून. "काकी, बर्फाचं मला कोण शिकवणार?"

दुसऱ्या दिवशी पेटी तशीच गावच्या दवाखान्यात नेली, नर्सबाईंनी कुपी हलवली. आत खडा.

"हे गोठलंय. टोचता यायचं नाही."

"वितळेल की बाई!"

"ही मासळी नाही, भाऊ. एकदा गोठलं की गेलं."

सहाही तशाच.

आत्माराम घरी येऊन सांगू लागला तेव्हा राजश्री विळीवर नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "सात वर्षं गप्प होतात ना? आताही गप्पच बसा."

मथुरा म्हणाली, कोणाची तरी नजर लागली. आमच्यात बापाची चूक असली की नजर लागते, आईची असली की दूध कमी पडतं.

नव्या कुप्यांना सहा महिने तरी लागतील, मिळाल्या तर. डॉक्टर म्हणाले, हाडं वाढायची थांबत नाहीत, औषधावाचून ती वाकडीच वाढतील. तोवर फॉस्फेटच्या पुड्या पाण्यातून, दिवसातून पाच वेळा. त्यांनी पोरीचं पोट ढवळतं. आत्माराम पुडी फोडायला गेला की ती पेला मागे ओढते.

"तू नको. आई करेल."