हाळी सोडून बाकीचं

"अरे, हाळी दे की! लाजतोस काय?"

काचेपलीकडून साहेब माझ्या बापाला म्हणाला. साहेब तिशीचा. माझा बाप पन्नाशी उलटलेला. वस्तीवर त्याला कुणी अरे म्हणत नव्हतं, सगळे आबा म्हणायचे.

सरकारी रेडिओचं केंद्र. शेतीच्या कार्यक्रमात मेंढपाळाला बोलवायचं म्हणून आबाला पत्र आलेलं. आटपाडीकडच्या आमच्या माळावर तोवर सरकारी कागद म्हणजे नोटीस. हा पहिलाच कागद, 'आपण येऊन माहिती द्यावी' म्हणणारा. मी सातवीत. मीच तो वाचून दाखवला, तीनदा. मग आठ दिवस आबा मेंढरांमागं चालताना एकटाच बोलायचा. आधी काय सांगायचं, मागनं काय सांगायचं.

केंद्राच्या दारात शिपायानं त्याला घोंगडं काढून ठेवायला लावलं. "वास मारतंय." चपला तिथं सगळेच काढतात, तो स्टुडिओचा नियम. घोंगड्याचा नियम फक्त आमच्यासाठी.

आबा वीस मिनिटं बोलला. कवळं गवत उगवलं की उपाशी मेंढरू त्यात सोडायचं न्हाई. आधी वाळला चारा पोटात घालायचा, मग सोडायचं. न्हाईतर सकाळी उड्या मारणारं मेंढरू सांजेला आडवं. हे त्यानं कुठं वाचलं नव्हतं. स्वतःची मेंढरं मरताना बघून शिकला होता. साहेब भराभर लिहून घेत होता. माझी छाती फुगली. बघा, साहेब माझ्या बापाचं लिहून घेतोय! आणि मग शेवटी ती हाळी, रानात मेंढरांना बोलवायची. आबानं दिली. साहेब खो-खो हसला.

पंधरा दिवसांनी कार्यक्रम लागला. आख्खी वस्ती आमच्या रेडिओपुढं. आईनं सगळ्यांना चहा केलेला. पहिल्यांदा आबाची हाळी वाजली. पोरांनी टाळ्या पिटल्या. मग जनावरांचे एक डॉक्टर बोलायला लागले. "कोवळे गवत मेंढ्यांना उपाशीपोटी देऊ नये. प्रथम वाळलेला चारा द्यावा." तेच. आधी काय, मागनं काय, तेसुद्धा तेच. आता आबा बोलेल, मग बोलेल, आम्ही वाट बघतोय. शेवटी परत हाळी. संपला कार्यक्रम. नावसुद्धा घेतलं नाही.

"आबा, एवढ्या लांब वरडायला गेलतासा व्हय?" चुलता म्हणाला. सगळे हसले. आबापण हसला. त्याचं ते हसणं अजून माझ्या डोक्यातनं जात नाही. त्यानंतर त्यानं रेडिओला हात लावला नाही.

मी इरेला पेटून शिकले. त्याच केंद्रावर हंगामी निवेदक झाले. महिन्यातून सहा ड्युट्या, चार्टवर नाव असेल तर. नऊ वर्षं झाली. टेपा गेल्या, कॉम्प्युटर आले. आता रेडिओ मोबाईलवर वाजतो. सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यासाठी तामिळनाडूत गेलेली आमची पोरं तिकडनं ऐकतात.

गेल्या हिवाळ्यात रहिमतपूरजवळ एका रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. तिथं कोंडाबाईचं रेकॉर्डिंग केलं. सत्तरीची म्हातारी. आईनं टाकलेलं कोकरू तिला परत कसं लावायचं, ते अर्धा तास सांगत होती. शेवटी मी मागितली म्हणून हाळीपण दिली. निघताना माझा हात धरला. "नीट लाव गं बाई. माझी लेक ऐकंल. माझ्या तोंडानं कवाच ऐकत न्हाई ती."

दुसऱ्या दिवशी एडिटिंगला बसले. दहा मिनिटांचा कार्यक्रम, पुढं डॉक्टर होतेच. हात सरावलेला. झरझर कापलं आणि काय उरलं ते हेडफोनवर ऐकलं.

हाळी. पंधरा सेकंद.

मला कुणी सांगितलं नव्हतं. साहेब जागेवर नव्हते. मीच केलं होतं. नऊ वर्षं मीच करत होते! थू तुझ्या जिनगानीवर, मी स्वतःलाच म्हणाले.

सगळं परत जोडलं. कोंडाबाई आठ मिनिटं, डॉक्टर दोन. नाव सुरुवातीलाच.

आताचे साहेब गोड बोलतात, अहोजाहो करतात. "मॅडम, बाईंचं फार लांबतंय हो. हाळी ठेवा, वातावरणाला छान आहे. माहिती डॉक्टर देतील."

"डॉक्टरांना ती कुणी दिली, साहेब?"

त्यांनी घड्याळ बघितलं.

"मी कापणार नाही."

"पुढच्या महिन्याचा चार्ट व्हायचाय अजून." हे त्यांनी अगदी हळू म्हटलं.

घरात मी एकटी कमावती. "करा तुमचा चार्ट," मी म्हणाले.

त्यांनी दुसऱ्याकडून कापून घेतलं. संध्याकाळची ड्युटी माझीच होती. कापलेली फाईल लावायची होती. मी माझी लावली. कोंडाबाईचं नाव माईकवर घेतलं, गावासकट.

पुढच्या महिन्याच्या चार्टवर माझं नाव नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

वस्तीवर गेले. मोबाईल पुढं धरला. "आबा, बोला. त्या दिवशीचं सगळं. मी रेकॉर्ड करते."

"आता कशाला?" आबा म्हणाला. "त्येंस्नी हाळीच लागती." आणि तोंड फिरवून बसला. त्याला बोलतं करायला मला उशीर झालाय, हे मी तिथंच ओळखलं.

दोन अर्ज दिलेत. एक, माझी ड्युटी का बंद केली ते लेखी द्या. दुसरा, आबाची मूळ टेप काढा, पुसली असेल तर पुसली म्हणून लिहून द्या. उत्तर नाही. दर सोमवारी जाते. शिपाई तोच, आता म्हातारा झालाय. म्हणतो, "ताई, खाजगीत जावा की. लय चॅनेल झाल्यात."

का जाऊ? खाजगी रेडिओ त्याच्या मालकाचा. ह्यो माझ्या बापाचा हाय. कोंडाबाईचा हाय. सगळ्यांच्या भल्यासाठी म्हणून काढलाय न्हवं? मग सगळ्यांत आमी न्हाई व्हय?

येत्या सोमवारी परत जाणार. आबाचं घोंगडं अंगावर घेऊन जाणार. चपला काढीन, तो नियम हाय. घोंगडं काढणार न्हाई.