गुडघ्यांवरचा प्रबंध

क्लबातल्या बायका तिला मास्तरीण म्हणायच्या. त्यात निम्मी चेष्टा असायची आणि निम्मं कौतुक. मेकअपच्या खोलीत पावडरी, टिकल्या आणि खोट्या पापण्यांच्या पसाऱ्यात तिचं एक जाडजूड पुस्तक कायम उघडं असे, हाडांचं आणि स्नायूंचं. एका हाताने पापणी चिकटवायची, दुसऱ्याने पान उलटायचं. नाचायचा नंबर आला की पानात केसांची पिन घालून ती उठायची, उंच टाचांचे बूट चढवायची आणि स्टेजवरच्या खांबाभोवती अशी गिरकी घ्यायची की बघणाऱ्यांचे ग्लास हातातच राहायचे. अंगावर कपडे मोजकेच. त्याची तिला लाज नव्हती. काम होतं, आणि ती ते चोख करायची.

सकाळी मात्र फिजिओथेरपीच्या कॉलेजात पहिल्या बाकावर.

हे शिक्षणाचं खूळ डोक्यात शिरलं ते बाबांमुळे. बाबा बसचे ड्रायव्हर. एके दिवशी स्टिअरिंगवरून उठताना त्यांच्या कंबरेत अशी काही चमक भरली की माणूस अंथरुणाला खिळला. आई आधीच गेलेली. ती रोज त्यांना रिक्षात घालून दवाखान्याच्या व्यायाम विभागात न्यायची. तिथल्या एका पोरगेल्या बाईने त्यांना दीड महिन्यात जिना चढायला लावला. तो जिना बघून ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी प्रवेशाचा अर्ज घेऊन आली. तेव्हा क्लबात लागून तिला दोन वर्षं झाली होती. मुलगी कुठे काम करते ते बाबांना ठाऊक होतं. त्यावर घरात कधी चकार शब्द निघाला नाही. फक्त रोज सकाळी साडेसहाला बाबा तिच्या दारावर टकटक करायचे आणि चहा ठेवायचे.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रबंधाला विषय निवडायचा होता. कोणी खेळाडूंचे खांदे घेतले, कोणी टायपिस्टांची मनगटं. तिच्या डोळ्यांपुढे क्लबातली थोरली होती. थोरली म्हणजे सगळ्यांत जुनी नर्तकी, जी हल्ली जिना तिरकी होऊन, कठडा धरून उतरायची. मास्तरणीने विषय लिहून दिला : उंच टाचांवर नाचणाऱ्या स्त्रियांचे गुडघे.

मार्गदर्शक मॅडमनी कागदावरून नजर वर केली. “विषय चांगला आहे. पण अशा ठिकाणी आत कोण घेणार तुम्हाला?”

“घेतील, मॅडम,” एवढंच ती म्हणाली.

मग क्लब उघडण्याआधी, दुपारी चार वाजता, मेकअपच्या खोलीतल्या लाकडी बाकावर एकेक गुडघा तपासला जाऊ लागला. कोन मोजायची पट्टी, वही आणि एकीमागून एक आडव्या होणाऱ्या बायका.

“गुडघा लिही हवा तर,” थोरली म्हणाली, “वय नको लिहूस.”

“वयाशिवाय गणित जमत नाही गं.”

“मग पस्तीस लिही.”

“एक्केचाळीस लिहिलंय.”

“शिकलेल्या बायकांना माया नसते,” थोरली म्हणाली आणि दुसरा पाय पुढे केला.

तीन क्लबांतल्या मिळून तेवीसजणी झाल्या. फरशीच्या स्टेजवर नाचणाऱ्यांचे गुडघे लाकडी स्टेजवाल्यांपेक्षा कितीतरी लवकर झिजत होते, हे आकड्यांत स्वच्छ दिसलं.

प्रबंध मांडायच्या दिवशी कॉलेजचा हॉल भरला होता. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले होते. तेवढ्यात दारातून क्लबातल्या सातजणी आत आल्या. चेहऱ्याला रंग नाही, साधे कपडे. थोरली सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसली.

मांडणी संपल्यावर बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “या बायकांचा एवढा विश्वास तुम्ही कसा मिळवलात? परक्या माणसाला कोणी इतकं सांगत नाही.”

याचं उत्तर तिने आठवडाभर घोकलं होतं. ‘ओळखीतून’ म्हणायचं आणि पुढे सरकायचं. पण समोर त्या सातजणी ताठ बसल्या होत्या. तिने ते घोकलेलं उत्तर सोडून दिलं.

“मी परकी नाही, सर. सात वर्षं मी तिथेच नाचते. तक्त्यातला अकरावा क्रमांक माझा आहे.”

हॉलमध्ये कुठेतरी कोणी फिस्सकन हसलं. मॅडमनी मागे वळून असं पाहिलं की हसणारा गप्प झाला. परीक्षकांनी मात्र तक्ता उघडला आणि अकराव्या ओळीवर बोट ठेवलं.

“मग ही मोजमापं कोणी घेतली? स्वतःची स्वतः घेतली असतील, तर धरता येणार नाहीत.”

“मी घेतली,” पहिल्या रांगेतून थोरली म्हणाली. “हिनेच शिकवलं. तीनतीनदा मोजायला लावलं मला, पाठ मोडून गेली.”

हॉल हसला. परीक्षकही हसले, आणि अकराव्या ओळीपुढे त्यांनी बरोबरची खूण केली.

बाहेर व्हरांड्यात बाबा उभे होते. ती त्यांच्याजवळ गेली. बाबांनी घसा खाकरला.

“क्लच दाबून दाबून माझाही डावा गुडघा गेलाय. आधी सांगितलं असतंस, तर चोविसावा मी झालो असतो.”

“बाबा, त्यासाठी टाचा घालाव्या लागतात.”

“तेवढंच राहिलं होतं,” बाबा म्हणाले. मग थोरलीकडे वळून त्यांनी हात जोडले. “मुलीला सांभाळलंत.”

“कसलं सांभाळलं,” थोरली म्हणाली, “तीच आम्हाला ओरडत असते.” आणि पदराला डोळे पुसले.

ती पहिल्या वर्गात पास झाली. प्रबंधाची एक प्रत तिने क्लबाच्या मालकापुढे ठेवली. मालकाने शेवटची दोनच पानं वाचली, पण महिनाभरात फरशी उखडून स्टेजला लाकूड बसवलं.

दवाखान्यातल्या नोकरीच्या अर्जात ‘आधीचा अनुभव’ असा एक रकाना होता. कॉलेजातल्या मैत्रिणीने तो कोरा सोडायला सांगितला. तिने लिहिलं : क्लबात नर्तकी, सात वर्षं. मुलाखतीला बोलावणं आलं. विभागप्रमुख बाईंनी तो रकाना वाचला आणि एकच विचारलं, “दिवसभर उभ्याने काम आहे. जमेल?”

“सवय आहे,” ती म्हणाली.

सोमवारी ती रुजू झाली. बाबांनी त्या संध्याकाळी डेपोतल्या एकेका जुन्या सोबत्याला फोन लावला. एकाने विचारलं, याआधी मुलगी काय करायची? बाबांनी तेही सांगितलं, आवाज जराही खाली न आणता.